चार फूट दोन इंच

केसरबाई : …आन तिसऱ्या इंजिनेरानं सही केली, साहेब. दोन पानं लिहून दिली. वकीलताईनं ती वाचली आन चष्मा काढून टेबलावर ठेवला.

गजानन : का? काय लिहिलंय असं?

केसरबाई : हे घ्या. तुम्हीच वाचा.

गजानन : 'जागेची प्रत्यक्ष पाहणी केली. स्लॅबमध्ये भोक आढळले. भोक प्रथमदर्शनी गोल आहे. भोकातून आकाश दिसते. ऋतुमानानुसार पाऊस येण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

लीला : अहो, हसू नका. बाई अडचणीत आहेत.

गजानन : मी कुठे हसतोय? हा उत्तम अहवाल आहे. यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकाही वाक्याचा उपयोग नाही. असं लिहिणं जमायला मला बांधकाम खात्यात बारा वर्षं लागली होती.

लीला : केसरबाई, तुम्ही पहिल्यापासून सांगा. मघाशी यांचं डोकं पेपरात होतं. हे नुसती मान हलवत होते.

केसरबाई : सांगते ना. साहेब, आमचा सायली गावात कानबाई महिला बचत गट हाये. बावीस बाया. समद्या खानदेशातल्या. कोनी धुळ्याची, कोनी शिरपूरची, मी चोपड्याची. नवरे कंपनीत, धाग्याच्या नायतर पलास्टिकच्या. आम्ही पापड करतो, ज्वारीचे बिबडे करतो. उन्हाळ्यात कुठंबी बसून लाटता येतं, पन पावसाळ्यात काय करनार? चाळीच्या एका खोलीत चार पोरं, एक नवरा नाईट करून झोपलेला, त्याच्या उशाशी पोळपाट. मंग सात वर्षं पैसे साठवले आन हॉल बांधला. पावसाळ्यासाठी. नीट ऐका साहेब, पावसाळ्यासाठी बांधला.

गजानन : ऐकलं. आणि त्याच्या स्लॅबला भोक आहे.

केसरबाई : मधोमध! माझी म्हैस आत उतरेल येवढं. आन गच्चीचा उतार चारी बाजूंनी त्या भोकाकडं. बाहेर एक थेंब जात नाही, समदं पानी आत. गेल्या पावसाळ्यात आम्ही खाली पिंप ठेवला. पिंप अर्ध्या तासात भरला. आमच्या गटातली झुंबर म्हनते, इथं आता महादेवाची पिंड ठेवू, फुकटचा अभिषेक होईल.

लीला : बांधतानाच कोणी विचारलं नाही का?

केसरबाई : गवंड्यानं विचारलं ना! तं ड्रॉइंगवाल्या कंपनीचा मानूस म्हने, ड्रॉइंग पास हाये, ड्रॉइंगपरमाने कर. आम्ही नोटीस दिली तं उत्तर आलं, ते भोक नाही म्हने. 'नैसर्गिक प्रकाश व वायुवीजन' म्हने. मी वकीलताईला म्हटलं, वायू येतो, बराबर. त्याच्यासंगं बाकीचं बी येतं ते?

गजानन : आयोग काय म्हणतो?

केसरबाई : ग्राहक आयोगातले साहेब भले हायेत. म्हने, बाई, भोक मलाबी दिसतं. पन मी इंजिनेर नाही. ही चूक हाये का शास्त्र हाये ते त्याच धंद्यातला मानूस सांगेल. त्याचं प्रमानपत्र आना. मंगळवारी शेवटची तारीख. नाही आनलं तं तक्रार बंद.

गजानन : बरोबरच आहे. डॉक्टरची चूक डॉक्टरने सांगायची, इंजिनिअरची इंजिनिअरने.

केसरबाई : पन सांगत कोनी नाही ना साहेब! वापीच्या एकानं समदं ऐकलं, मान डोलावली, चा पाजला. मंग कंपनीचं नाव इचारलं. नाव सांगताच त्याला म्हने सासरा वारल्याचा फोन आला. फोन वाजलाबी नव्हता. दुसरा म्हने, भोक चुकीचंच हाये, मी तोंडी सांगतो, लेखी नाही. मी म्हटलं, भाऊ, आयोगात तुमचं तोंड कसं लावू? आन तिसऱ्याचं तुम्ही वाचलं.

लीला : म्हणून तुमच्या रोहिणी वकिलांनी यांच्याकडे धाडलं.

केसरबाई : हाव. म्हनाल्या, मयेकर साहेब रिटायर हायेत. त्यांना कोनाचं काम नको, कोनाची भीती नाही.

गजानन : भीती आहे, ती घरात बसते. केसरबाई, स्पष्ट सांगतो. निवृत्त झालो त्या दिवशी मी दोन गोष्टी सोडल्या. सही करणं आणि पान खाणं.

लीला : पान तिसऱ्या दिवशी सुरू झालं.

गजानन : सही सुटली ना पण! अकरा वर्षं झाली. बँकेतली आणि कुरिअरवाल्याची सोडली तर कुठे केली नाही.

केसरबाई : साहेब, एक सही. बावीस बाया तुमचं नाव घेतील.

गजानन : कंपनी कुणाची ते तर कळू दे. म्हणजे मलाही सासरा आठवायला बरा.

लीला : माझे बाबा जाऊन वीस वर्षं झाली. दुसरं काहीतरी शोधा.

केसरबाई : स्थिरबंध कन्सल्टंट. ते ललित साहेबांची.

गजानन : ललित? आपला ललित?

लीला : आपला म्हणजे? दिवाळीला काजूकतलीचा डबा घेऊन येतो आणि दारातच तुमच्या पायावर डोकं ठेवतो, तो ललित?

गजानन : माझ्या हाताखाली ड्राफ्ट्समन होता तो. पेन्सिलला टोक कसं करायचं ते मी शिकवलं त्याला. नंतर शिकला, इंजिनिअर झाला, स्वतःचं ऑफिस काढलं. नाही हो, केसरबाई. त्याच्याविरुद्ध मी कसा लिहू? पोरगा आहे माझा, म्हणालात तरी चालेल.

लीला : पोराने दुसऱ्याच्या घराला भोक पाडलं तर बाप काय करतो?

गजानन : पोराला विचारतो, चेंडू कुठे गेला.

केसरबाई : साहेब, सही नका करू. पन ड्रॉइंग तं बघा. निदान मला कळू द्या, ते भोक कशासाठी हाये. दोन वर्षं झाली, बाया मला इचारतात. मी अध्यक्ष हाये गटाची. अध्यक्षाला उत्तर पाहिजे.

गजानन : आणा. नुसतं बघतो. बघण्याला सही लागत नाही. लीला, माझा जवळचा चष्मा.

लीला : कपाळावर आहे.

गजानन : हं. कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग… छान स्वच्छ आहे. उतार चारी बाजूंनी मध्यभागी… विचित्रच की. एखाद्याला पाणी हवंच असेल तर असं… ओपनिंग, व्यास… चार फूट दोन इंच.

केसरबाई : काय झालं साहेब?

गजानन : काही नाही. खाली एक टीप आहे. 'भोकाची कड गोल घासून घ्यावी. कुठेही धार राहू नये.'

केसरबाई : ते तं लई मज्या! गवंडी म्हने, अहो बाई, वर आठ फुटांवर कड, तिथं कोन येऊन खरचटून घेनार हाये? तरी बिचाऱ्यानं दोन दिवस बसून घासली. पोराच्या गालासारखी गुळगुळीत केली.

लीला : अहो, चहा निवतोय. अहो! काय झालं? तोंड का असं?

गजानन : केसरबाई, मला प्रमाणपत्र देता येणार नाही.

केसरबाई : ते तं तुम्ही मघाशीच म्हटले.

गजानन : मघाशी द्यायचं नव्हतं. आता देता येत नाही. फरक आहे. तुमच्या वकिलांनी नमुना दिलाय ना? त्यातलं चौथं कलम वाचा.

केसरबाई : थांबा. एक, मी याच धंद्यातला शिकलेला मानूस हाये. दोन, मी जागा आन कागद पाहिले. तीन, साधी काळजी घेनारा इंजिनेर असं करनार नाही. चार, या प्रकरनाशी माझा कसलाबी संबंध नाही.

गजानन : चौथं मी लिहू शकत नाही.

लीला : ललितमुळे? अहो, तो काही तुमचा नातेवाईक नाही.

गजानन : ललितमुळे नाही. लीला, हा कागद जरा धर. आणि हॉल विसर. समज, की हा एक व्हरांडा आहे. या बाजूला तीन वर्ग आहेत.

लीला : तीन वर्ग… आणि ही पायरी… अगंबाई! ही माझी शाळा!

केसरबाई : कोनती शाळा?

लीला : खानवेलच्या पुढे एका पाड्यावरची. माझी पहिली नेमणूक. दापोलीहून आले होते, सव्वीस वर्षांची. शाळेला इमारत नव्हती. एक मोहाचं झाड होतं, त्याच्याखाली चौथीपर्यंतची सगळी पोरं बसायची. मी त्यांना मोहाची फुलं वेचायला लावून बेरीज शिकवली. वजाबाकीही शिकवत होते, पण पोरं फुलं खायची, उत्तर बरोबर यायचं नाही. मग इमारत मंजूर झाली आणि हे इंजिनिअर म्हणून आले.

गजानन : झाड बरोब्बर व्हरांड्याच्या जागेवर होतं.

लीला : मी भांडले यांच्याशी! म्हटलं, झाडाला हात लावाल तर पोरांना घेऊन तुमच्या ऑफिसच्या दारात पाढे म्हणत बसेन. तेव्हा हे म्हणाले, वरिष्ठांना विचारून सांगतो. आठ दिवसांनी आले. म्हणाले, साहेबांनी परवानगी दिली, झाड राहील, स्लॅबला भोक ठेवू. मला इतका आनंद झाला. म्हटलं, सरकारात असाही माणूस असतो!

केसरबाई : म्हंजी हे भोक झाडाचं हाये? बाई, आमच्या हॉलात झाड कुठं हाये?

गजानन : नाही ना. तेच. झाड खानवेलला राहिलं आणि भोक सायलीला आलं.

केसरबाई : व माय!

गजानन : उतार भोकाकडे, कारण झाडाला पाणी मिळावं. कड घासलेली, कारण वाऱ्याने बुंधा हलला तर साल खरचटू नये. सगळं त्या झाडासाठी होतं. पुढे ते ड्रॉइंग खात्याच्या नमुन्यांच्या फाइलीत गेलं. ललितने तिथून नक्कल करून घेतली असणार.

लीला : पण अहो, नक्कल केली तरी त्यात झाड दिसेल की. झाड बघूनही त्याला कळलं नाही, हे भोक झाडासाठी आहे?

गजानन : ड्रॉइंगमध्ये झाड नव्हतं.

लीला : का नव्हतं?

गजानन : चहा खरंच निवला.

लीला : गजानन मयेकर.

गजानन : केसरबाई, ही पूर्ण नावाने हाक मारायची तेव्हा पोरं बाकावर उभी राहायची. सांगतो. साहेबांनी परवानगी दिली नव्हती. त्यांनी शेरा मारला होता, 'वृक्ष तोडून काम त्वरित पूर्ण करावे.'

लीला : मग?

गजानन : मी खाली लिहिलं, 'आदेशानुसार कार्यवाही केली.'

लीला : म्हणजे… कागदावर झाड तोडलं?

गजानन : कागदावर तोडलं. मग कोणीतरी विचारलं, लाकडाचा लिलाव का झाला नाही? मी लिहिलं, 'लाकडास वाळवी लागल्याचे आढळून आल्याने निरुपयोगी.' वाळवीबद्दल कोणी पुढे विचारत नाही. आता तोडलेलं, वाळवीने खाल्लेलं झाड नकाशात कसं दाखवू? म्हणून नुसतं भोक दाखवलं.

लीला : छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं झाली लग्नाला आणि हे मला आज कळतंय?

गजानन : लग्नानंतर सांगणार होतो. विषय निघाला नाही.

लीला : रोज संध्याकाळी दोन तास आपण बोलतो! लाल भोपळ्यावर बोलतो!

केसरबाई : जाऊ द्या बाई. पुरुषांचा विषय निघतच नाही. आमच्या नवऱ्याच्या, वाल्मिकच्या पायावरून कंपनीत ट्रॉली गेली, मला पंधरा दिवसांनी कळलं. इचारलं तं म्हने, लंगडतो तं हाये, दिसलं नाही का?

लीला : आणि मी त्या साहेबांना पत्र लिहिलं होतं! 'आपल्यासारखे वृक्षप्रेमी अधिकारी…' तुमच्याच हातात दिलं होतं, पोचतं करा म्हणून.

गजानन : ते मी पोचवलं नाही.

लीला : फाडलंत?

गजानन : छे. माझ्या सेवापुस्तकाच्या फाइलीत आहे. तुझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं.

लीला : …तेव्हा?

गजानन : आत्ताही. पण आता यादीतच दिसतं. वाणसामानाच्या.

केसरबाई : साहेब, एक सांगा. चार फूट समजलं. वरचे दोन इंच कशाचे?

गजानन : ते हिचे. मी म्हटलं होतं, चार फूट पुष्कळ झालं. ही म्हणाली, झाड काय तुम्हाला विचारून वाढणार आहे? अजून थोडं ठेवा. मी दोन इंच ठेवले.

केसरबाई : त्याला काय हिशेब?

गजानन : हिशेब नाही. ती म्हणाली म्हणून. दुसरं तांत्रिक कारण नाही.

केसरबाई : म्हंजी आमच्या पापडावर पानी पडतं ते तुमच्या लग्नापायी!

लीला : अगदी बरोबर बोललात, बाई.

केसरबाई : मंग तं तुम्हाला सही करावीच लागेल साहेब. आता तुम्ही साक्षीदार नाही, तुम्ही तं सोयरे हाये आमच्या हॉलाचे.

गजानन : केसरबाई, थट्टा बाजूला ठेवा. मी सरकारी कागदावर खोटं लिहिलंय. स्वतःहून ते आयोगात नेऊन देऊ? कोणी फाइल उघडली तर माझी पेन्शन जाईल.

लीला : माझी आहे की. एका पेन्शनीत दोन माणसं जेवतात. पान तेवढं सुटेल, तेही बरंच.

गजानन : आणि ललित?

केसरबाई : साहेब, मी एक बोलू? राग नका मानू. तुम्हाला पेन्शनची काळजी, ललित साहेबांची काळजी. बराबर हाये. पन मंगळवारी तक्रार बंद झाली ना, तं जूनमधी माझ्या बावीस बाया परत त्या एका खोलीत जातील. आमच्या कावेरीनं गेल्या पावसाळ्यात हॉलात तिच्या नावाचा पाट मांडला होता. आयुष्यात पयली जागा तिच्या मालकीची. वर पानी आलं तं पाट उचलून कोपऱ्यात नेला, कोपऱ्यात आलं तं दारात नेला. तुम्ही एका झाडासाठी येवढं खोटं लिहिलं. आमच्यासाठी थोडं खरं लिहा.

लीला : लागलं का मनाला?

गजानन : लागलं. वकिलांना फोन लावा, केसरबाई. चौथ्या कलमाचं काय करायचं ते विचारा.

केसरबाई : लावते… हॅलो, ताई? हां, साहेबांकडंच हाये. ताई, ते भोक साहेबांचंच निघालं… नाही नाही, चोरीचं नाही, मूळ त्यांचं. झाडासाठी होतं… हां… हां… थांबा, इचारते. साहेब, ताई म्हनतात, संबंध असंल तं लपवू नका, काय हाये ते लिहून टाका. लपवलेला संबंध सापडला तं कागद जातो, सांगितलेला संबंध कोनी पकडू शकत नाही. आन म्हनतात, भोक कशाचं ते ज्यानं पाडलं त्याच्याहून कोनाला म्हाईत? आन इचारतात, झाड जितं हाये का?

लीला : आठ वर्षांपूर्वी होतं.

केसरबाई : असंल तं फोटो काढा म्हनतात. मापासकट.

गजानन : जाऊ. पण एक अट आहे. ललितला तोंडावर सांगितल्याशिवाय मी सही करणार नाही. पोराच्या पाठीमागून लिहिणार नाही.

(रविवारची सकाळ. खानवेलच्या पुढची शाळा. व्हरांड्याच्या स्लॅबमधून मोहाचा बुंधा वर गेलेला. फरशीवर फुलांचा सडा.)

लीला : शिडीवर तुम्ही चढायचं नाही.

गजानन : मी इंजिनिअर आहे.

लीला : तुमचा गुडघा नाही.

केसरबाई : मी चढते ना! टेप द्या इकडं. गच्चीवर पापड वाळवून वाळवून माझे पाय शिडीचेच झाले हायेत. शाळेचे शिपाई काळूभाऊ, त्यांनी शिडी चांगली दिली. बाई, तुम्ही नुसती धरा… हां. आता काय मोजू?

गजानन : भोकाच्या या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत. बुंधा मध्ये येतो, म्हणून टेप शेजारून स्लॅबला सरळ लावून धरा. घाई नको.

केसरबाई : चार फूट… आन दोन इंच! साहेब, बराबर तेच!

गजानन : फोटो काढ, लीला. टेपचा आकडा दिसला पाहिजे.

लीला : काढला. केसरबाईंचा अंगठाही आलाय.

केसरबाई : येऊ द्या. अध्यक्षाचा अंगठा हाये. साहेब, कडंला हात लावला मी. तुम्ही येऊन आमच्या हॉलात पाहिली ना, तशीच गुळगुळीत हाये. आमच्या गवंड्याला दाखवायला पाहिजे होतं. येडा नव्हता बिचारा, फकस्त झाडाशिवाय घासत होता.

लीला : आता उतरा आणि या इथे पायरीवर बसा. यांनी काल ललितला बोलावलं होतं, ते ऐकायचंय ना?

केसरबाई : हाव! काय म्हने?

गजानन : मी म्हटलं, ललित, तुझ्या नकाशात भोक आहे. म्हणाला, सर, तुमचंच आहे. मी म्हटलं, मग ते कशासाठी आहे, तुला माहीत आहे? म्हणाला, नाही सर. म्हटलं, वायुवीजन का लिहिलंस मग? म्हणाला, नोटिशीला उत्तर द्यायचं होतं सर, उत्तरात काहीतरी लिहावं लागतं.

केसरबाई : घ्या! आन इचारलं का नाही कधी?

गजानन : तेच विचारलं मी. तर म्हणतो, सर, तुमच्या टेबलामागे पाटी होती. 'नकाशाप्रमाणे करा. प्रश्न नकोत.' मला वाटलं, सरांनी ठेवलंय म्हणजे काहीतरी मोठं गणित असणार. आपल्याला समजत नाही, हा आपला कमीपणा. पंधरा वर्षं ते गणित सोडवतोय सर.

लीला : बिचारा. दोन इंचांचं गणित सोडवत होता.

गजानन : मी म्हटलं, आणखी कुठे कुठे भोक ठेवलंस? म्हणाला, एक गोदाम आणि एक दवाखाना.

केसरबाई : अरे देवा! दवाखान्यात?

गजानन : दवाखान्याच्या मालकाने त्यावर काच बसवली. पेशंटना वाटतं, परदेशी पद्धत आहे. ते वर बघत बसतात आणि नंबर उशिरा आला तरी तक्रार करत नाहीत. त्यांची काही हरकत नाही.

लीला : आणि गोदाम?

गजानन : तिथे तो स्वतः जाणार आहे, उद्याच. माझ्या देखत फोन लावला.

केसरबाई : आन आमचं?

गजानन : म्हणाला, सर, तुम्ही सही करा. मी विरोध करणार नाही. आयोगात उभा राहून चूक मान्य करतो, आणि मे संपायच्या आत भोक बुजवून उतार बाहेर काढून देतो. आमच्या खर्चाने. मग उठला, पाया पडला आणि म्हणाला, सर, एकच विनंती आहे. आता तरी नकाशात झाड दाखवा.

केसरबाई : भला मानूस निघाला की! साहेब, तरीबी कागद पाहिजे हां. ताईनं बजावलं हाये. भला मानूस मंगळवारपर्यंत भला राहील, पन आयोगाला कागद लागतो.

गजानन : लिहून आणलाय. लीला, वाच. तुझा आवाज इथे जास्त शोभतो.

लीला : 'मी, गजानन मयेकर, निवृत्त उपअभियंता. एक : या धंद्यात मी चौतीस वर्षे काढली. दोन : सायलीचा हॉल, त्याचा नकाशा आणि खानवेलजवळची शाळा मी स्वतः पाहिली. तीन : हे भोक झाडासाठी असते. सायलीच्या हॉलात झाड नाही. जागा पाहणाऱ्या कोणत्याही साध्या इंजिनिअरने विचारले असते, हे भोक कशाला? या इंजिनिअरने विचारले नाही. हा निष्काळजीपणा आहे. झाड असताना ते मूळ नकाशात मी दाखवले नाही, आणि तोडले असे खोटे लिहिले. हा माझा निष्काळजीपणा आहे. झाड जिवंत आहे. फोटो जोडला आहे.' …अहो, छान लिहिलंत. पहिल्यांदा समजेल असं लिहिलंत.

गजानन : चौथं राहिलं.

लीला : 'चार : या प्रकरणाशी माझा संबंध आहे. तो पुढीलप्रमाणे : पत्नी.'

केसरबाई : हे लिहिलं? आयोगात वाचतील ना हे मोठ्यानं!

लीला : वाचू देत. मी येणार आहे ऐकायला. इस्त्रीची साडी नेसून.

केसरबाई : आमच्या बावीसबी येतील. आन साहेब, पयला घाना पापडाचा तुमच्याकडं. तुमच्या पेन्शनीचं काही झालं तं बिबडे हायेत, उपाशी नाही राहनार.

गजानन : पेन आहे का कुणाकडे? अकरा वर्षांत सवय राहिली नाही. …घ्या. झाली.

केसरबाई : द्या इकडं. आधी पदराला बांधू का पिशवीत ठेवू? नको, हातातच धरते. काळूभाऊंना दाखवून येते. म्हनते, हे बघा, तुमच्या झाडाचा जन्माचा दाखला.

लीला : हळू जा हो, पायाखाली फुलं आहेत! …गेली पळत. अहो, हे बघा. बुंधा किती वाढलाय. तेव्हा मी दोन्ही हातांनी कवेत घेत होते.

गजानन : मघाशी बघितलं मी. जवळजवळ चार फूट भरलाय. मी म्हटलं होतं तेवढंच भोक ठेवलं असतं, तर आज कड सालीत रुतली असती. तुझे दोन इंच तेवढे उरलेत.

लीला : किती वर्षं पुरतील?

गजानन : तीन. फार तर चार. मग कड फोडून भोक मोठं करावं लागेल, आणि त्यासाठी खात्याकडे अर्ज.

लीला : खात्यात झाड तर तोडलेलं आहे.

गजानन : म्हणून अर्ज आजच करतो. नकाशा जोडून. या खेपेला झाड दाखवतो.